बाबांच्या दुकानाचं वकीलपत्र

प्रिय ठमे,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी घाबरणं सोड. सगळे ठणठणीत आहेत. आईचा गुडघा दुखतोय, पण तो कधी दुखत नव्हता? पत्र लिहितेय कारण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. मी नुसतं 'अगं' म्हणते आणि पुढचं सगळं माझ्या वतीने तूच बोलतेस, त्याला उत्तरही तूच देतेस आणि वर म्हणतेस, बरं झालं ताई, बोलून मोकळं झालं. मोकळं कोण झालं? कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा उद्योग. तेव्हा एका जागी बस आणि शेवटापर्यंत वाच. जिना चढता चढता वाचलंस तर याद राख.

त्या दिवशी तू फोनवर सांगितलंस की एका मोठ्या फर्मच्या निवडीच्या दिवसाला बोलावणं आलंय, पण नाव सांगणार नाही, नजर लागते. कायद्याची पदवी घेतलेली बाई, आणि म्हणे नजर लागते! मी हसले, अभिनंदन केलं, आणि ते अगदी मनापासून केलं हं. तुझ्या आवाजात लहानपणी सहलीच्या आदल्या दिवशी असायचा तसला आनंद होता. मलाही एके काळी असाच व्हायचा. फर्मचं नाव मला नंतर कळलं, ते कसं ते पुढे सांगते.

माझं म्हणशील तर मी अजून फडताळातच आहे. आमच्या फर्मच्या तळमजल्यावरच्या बिनखिडकीच्या खोलीला आम्ही सगळे फडताळच म्हणतो. चार टेबलं, चार स्क्रीन, आणि भिंतीवर समुद्राचं चित्र, कोणीतरी दया येऊन लावलेलं. दार आपोआप लागतं. उघडायला कार्ड लागतं, आत यायलाही आणि बाहेर जायलाही. सध्या एक गालिच्यांचा कारखाना विकला जातोय आणि तो घेणाऱ्यांचे वकील आम्ही. म्हणून त्या कारखान्यातल्या लोकांनी एकमेकांना पाठवलेल्या सगळ्या मेल मी दिवसभर वाचते. ही कामाची, ही बिनकामाची, ही आपल्याकडे चुकून आलेली. तिथल्या हिशेबनिसाची पाठ कधी धरते, रंगाऱ्याचं नि मुकादमाचं का फाटलं, कोणाच्या मुलीचं लग्न मोडलं, सगळं मला तोंडपाठ आहे. त्यांना बिचाऱ्यांना मी या जगात आहे हेही माहीत नाही. कधी कधी वाटतं, मुकादमाला एक मेल टाकावी की बाबा रे, झालं गेलं सोडून दे, तसाही कारखाना विकला जातोय.

ट्रेनी सॉलिसिटर बसतात पाचव्या मजल्यावर. तिथे दोन वर्षं शिकाऊ म्हणून काढली की सॉलिसिटर होता येतं. फडताळात दहा वर्षं काढली तरी फडताळच. फर्मचा नियम असा की आमच्यासारख्या आतल्या माणसांनी ट्रेनीच्या जागेसाठी तीनदा अर्ज करावा, त्यापुढे नाही. माझे दोन झालेत. हा तिसरा. बाहेरच्या फर्मांची दारं तर मी ठोठावून ठोठावून हात दुखवून घेतले. सगळीकडून तेच गोडसं उत्तर: उमेदवारांचा दर्जा यंदा फारच उंच होता. दर वर्षी उंच होतो मेला, कधी बुटका होत नाही.

आमच्या विभागाच्या भागीदार आहेत, मोठ्या बाई, त्या मला परवा काय म्हणाल्या ऐक. वाईट बाई नाहीत हं, प्रेमाने म्हणाल्या. तू वर गेलीस तर माझं कसं होणार, तुझ्यासारखं बारकाईनं वाचणारं मला दुसरं कोणी मिळायचं नाही, असं म्हणाल्या आणि हसल्या. मीही हसले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी नवी खुर्ची आली, कंबरेला आधार देणारी, हात वरखाली होणारी. बाकी तिघी हेव्याने बघत होत्या आणि मला रडू फुटायच्या बेतात होतं. ठमे, चार दिवसांच्या पाहुण्याला कोणी इतकी चांगली खुर्ची देत नाही गं.

आणि मला ती खुर्ची सोडताही येत नाही. सोडली तर आईला काय सांगू? आईने सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलंय की आमची मोठी जवळजवळ वकीलच झालीय. 'जवळजवळ' हा शब्द ती इतक्या हळू उच्चारते की तो फक्त मलाच ऐकू येतो. मावशीने तर सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणाचे कागद पाठवलेत, शांतपणे वाचून सल्ला दे म्हणून. दर वर्षी नकार आला की आई पाठीवर हात फिरवते आणि म्हणते, पुढच्या वर्षी नक्की. तिचा हात पाठीवर असताना मला 'आई, मला आता हे नकोय' असं म्हणायचं असतं. तोंडातून निघतं, हो.

अर्जांच्या या सगळ्या खेळात मी आता इतकी तरबेज झालेय की शिकवणी काढली तर बरी चालेल. शिकवलंच की तुला! 'आमचीच फर्म का' या प्रश्नाला त्यांच्याच वेबसाइटवरची वाक्यं कशी उलटीपालटी करून घालायची, ते मीच दाखवलं. कॅमेऱ्यासमोरच्या मुलाखतीचंही मीच सांगितलं, जिथे समोर माणूसच नसतो, स्क्रीनवर प्रश्न उमटतो आणि आपण आपल्याच थोबाडाकडे बघत बोलायचं. पहिल्या खेपेला माझी घरमालकीण मध्येच दार ढकलून आत आली आणि वाळत घातलेले कपडे काढू का म्हणाली. मी तिच्याकडे न बघता कठीण प्रसंगी मन कसं शांत ठेवते ते सांगत राहिले. ती बिचारी बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, बरं, मी काढते. ते सगळं रेकॉर्ड झालं. शेवटी मी मशीनला थँक्यू म्हटलं तेही झालं.

आणि गटचर्चा! एका कंपनीच्या विक्रीचा खोटा व्यवहार, टेबलाच्या दोन बाजू, भिंतीशी बसून टिपणं घेणारे परीक्षक. मी तुझ्याकडून घोकून घेतलं होतं, आठवतं? घड्याळाकडे लक्ष ठेव, कोणाला तोडू नकोस, आणि जो गप्प बसलाय त्याच्याकडे वळून विचार, तुम्हाला काय वाटतं? त्याने परीक्षक खूष होतात. पण हे गुपित सगळ्या जगाला ठाऊक आहे. गेल्या वर्षी आमच्या गटात एक मुलगा गप्प होता. आम्ही पाचही जण त्याच्यावर अशी माया केली की त्याची आईही करणार नाही. तुम्हाला काय वाटतं, तुमचं मत महत्त्वाचं आहे, प्लीज सांगा. त्या बापड्याचा नुसता घसा बसला होता. तो खाकरला, दोन शब्द कसेबसे बोलला, आणि निवड त्याचीच झाली! आता तो पाचव्या मजल्यावर असतो. लिफ्टमध्ये भेटला की खणखणीत आवाजात नमस्कार करतो.

आता बाबांच्या दुकानाची गोष्ट. तू म्हणशील, ती मला कशाला सांगतेस? थांब. 'कायदाच का' या प्रश्नाला माझं उत्तर पहिल्यापासून तेच आहे. आजोबांनी काढलेलं बटणांचं दुकान, भिंतभर लाकडी खण, प्रत्येक खणावर आतल्या मालाचं एकेक बटण शिवलेलं. भाडेकराराच्या मागच्या पानावर बारीक अक्षरात एक कलम: मुदत संपण्याच्या सहा महिने आधी लेखी कळवलं नाही, तर जागा मालकाला परत. बाबांनी ते वाचलं नव्हतं. एका सकाळी जागामालक नवं कुलूप घेऊन दारात उभा राहिला. मी बाबांबरोबर होते, हातात झाडू. आणि त्या क्षणी मी ठरवलं की व्यापार करणाऱ्या साध्या माणसाच्या बाजूला कागद वाचणारं कोणीतरी हवं. बघ, अजूनही माझ्या हातून ती त्याच शब्दांत उतरते. ती सांगताना परीक्षक पेन खाली ठेवतात. माझ्याजवळ तेवढी एकच गोष्ट होती, आणि ती चांगली होती.

मग तुझे अर्ज सुरू झाले. त्या प्रश्नाशी येऊन तू अडलीस, रडकुंडीला आलीस, म्हणालीस, माझ्या आयुष्यात काही घडलेलंच नाही. तेव्हा मीच म्हटलं, घे ना बाबांची गोष्ट, बाबा काय माझ्या एकटीचे आहेत? तू शाळेत होतीस त्या सकाळी, पण मी तुझ्याही हातात एक झाडू दिला. तेव्हा वाटलं, तुझ्या फर्म वेगळ्या, माझी वेगळी. कुठे कोणाची गाठ पडतेय?

मागच्या आठवड्यात भरतीचं काम बघणाऱ्या बाई फडताळात आल्या. आम्ही त्यांना गोडबोली म्हणतो. जणू लॉटरी लागल्याची बातमी आणावी तशा आल्या. म्हणाल्या, काय गंमत आहे, तुमचंच आडनाव, आणि वडिलांचं बटणांचं दुकान! बहीण ना? मी हो म्हटलं. त्यांना फार गोड वाटलं. नियमाला काही धक्का नाही म्हणाल्या, परीक्षक वेगळे ठेवू, फक्त तुम्ही दोघी टेबलाच्या समोरासमोरच्या बाजूंना. बहिणी-बहिणींचा सामना! यंदा आता एकच जागा उरलीय हेही त्यांनी तितक्याच गोडीने सांगितलं, आणि कार्ड लावून निघून गेल्या.

तर अशी ही तुझी नाव न सांगितलेली फर्म. आता तुला खरं सांगते, कारण तू माझी बहीण आहेस आणि हे मी दुसऱ्या कोणाला सांगू शकत नाही. माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? ही कशाला कडमडली इथे? अगदी हेच शब्द. माझी गोष्ट घेतली, माझ्या युक्त्या घेतल्या, आणि आता माझी जागा घ्यायला माझ्याच दारात? इतका संताप आला की समोरची मेल मी तीनदा वाचली आणि कळली नाही. तू काहीही केलेलं नव्हतंस. तू उघड्या दारातून आत आलीस, आणि ते दारही मीच दाखवलेलं. पण मला तेव्हा तुझा राग आला, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला. लाज वाटते लिहिताना.

मग मी ठरवलं की बाबांनाच विचारावं. दोन मुलींनी एकाच दिवशी, एकाच फर्ममध्ये एकच बाप सांगितला तर हसं होईल; तेव्हा गोष्ट कोणी सांगायची ते ज्याची गोष्ट त्यानेच ठरवावं. रविवारी गेले. आई बाहेर गेली होती आणि बाबा त्यांच्या रोपवाटिकेत होते. तिथे ते कामाला लागल्यापासून तू एकदाही गेली नाहीस, जा एकदा. काळ्या पिशव्यांत बोटभर रोपं, आणि त्यांच्यामधून बाबा झारी घेऊन फिरत होते, गुणगुणत. ठमे, दुकानात बाबा कधी गुणगुणलेले तुला आठवतात? मला तरी नाही. मी त्यांना सगळं सांगितलं, अर्जात काय लिहिलंय तेही, अगदी बारीक अक्षरातल्या कलमासकट. तोवर त्यांना हे माहीतच नव्हतं, बरं का. आपण त्यांची गोष्ट गावभर सांगत सुटलो आणि त्यांना एकदाही विचारलं नाही.

बाबांनी झारी खाली ठेवली. आधी ते हसले, मग त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, अगं, मी वाचलं होतं ते कलम. सही करतानाच वाचलं होतं. कळवायची तारीखही त्यांना पक्की माहीत होती. त्या दिवशी ते दुकानात बसून होते, कागद समोर, पेन हातात, आणि त्यांनी काही लिहिलं नाही. त्यांना दुकान नको होतं. कधीच नको होतं. पण आजोबा होते ना तेव्हा, रोज सकाळी गल्ल्याशी येऊन बसायचे, आणि त्यांच्या तोंडावर 'मी बंद करतो' म्हणायची बाबांची छाती झाली नाही. ते म्हणाले, मला नको म्हणता येत नव्हतं, पण गप्प बसता येत होतं. मी गप्प बसलो, बाकीचं त्या कलमाने केलं. ज्या सकाळी मालक कुलूप घेऊन आला, त्या सकाळी तुझ्यासमोर तोंड पाडून उभं राहणं तेवढं जड गेलं, म्हणाले. आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, तू त्यासाठी वकील होतेयस हे मला आधी कळायला हवं होतं.

परत येताना बसमध्ये मी आधी हसले, मग रडले. शेजारची बाई दोन्ही वेळा सरकून बसली. विचार कर ना! इतकी वर्षं आपण ज्याचं वकीलपत्र घेतलं, त्या अशिलाची तक्रारच नव्हती. तो सुटला होता. अडकले कोण? मी. त्यांच्या सुटकेचा सूड घेण्यासाठी मी फडताळात जाऊन बसले, आणि तुलाही मागून हाक मारली. बाबांवर मला राग धरता येत नाही. गप्प बसून सुटणं ही भित्र्या माणसाची वाट आहे हे त्यांनाही माहीत आहे. आईला मात्र यातलं काही सांगू नकोस, ते बाबांचं बाबा बघतील.

तुझी गोष्ट वेगळी आहे. तुला हे काम खरोखर आवडतं. लहानपणी सापशिडीच्या खोक्यावरचे नियम वाचून दाखवून तू मला जिंकलेला डाव पुन्हा खेळायला लावायचीस. बसच्या तिकिटामागचा मजकूर वाचून कंडक्टरशी हुज्जत घालणारी तू एकटीच मी पाहिलीय, आणि कडी म्हणजे तो शेवटी तुला सॉरी म्हणाला होता. 'कायदाच का' विचारलं तर हे सांग. बाबांना, दुकानाला, झाडूला हात लावू नकोस. माझ्या हातात तो झाडू होता म्हणूनच सांगते, ती गोष्ट आता मीही सांगणार नाही. तुझ्या आयुष्यात काही घडलेलं नाही असं तू म्हणाली होतीस ना? तुला भांडायला आवडतं हे पुरेसं आहे गं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. गुरुवारी निवडीच्या दिवसाला मी येणार आहे, मोठ्या बाईंनी सुटी दिलीय, आईने शुभेच्छा दिल्यात, येत नाही म्हणायला मला तोंड नाही. 'नको' हा शब्द मी आरशासमोर म्हणून पाहिला, तिथेही नीट जमला नाही. पण तिसरा अर्ज बुडाला की नियमच सांगेल, आता चौथा नाही. मग आईला 'पुढच्या वर्षी' म्हणता येणार नाही, आणि मला ती खुर्ची सोडून उठता येईल. बाबांसारखंच मलाही माझं कलम सापडलंय. गटचर्चा सुरू झाली की मी गप्प बसणार आहे. तुझ्यासाठी जागा सोडतेय असं डोक्यात आणून हुंदके देऊ नकोस. ती जागा बाकीच्या चौघांनाही मिळू शकते, तुला ती भांडूनच घ्यावी लागेल. मी माझ्यासाठी गप्प बसणार आहे. बाकीचे माझ्याकडे वळतील, गोड आवाजात विचारतील, त्यांना मी नुसती मान हलवीन. पण तू वळलीस आणि विचारलंस, तुम्हाला काय वाटतं, तर मी बोलेन. तुझ्यापुढे मला कधी दम धरता आलेला नाही. आणि एकदा बोलायला लागले की मी चांगलं बोलते, ठमे, फार चांगलं बोलते, आणि मग निवड झाली की मी पुन्हा आत. म्हणून मी शिकवलेलं एवढं एक विसर. आजवर तू मला बोलू दिलं नाहीस, ते मी सोसलं. गुरुवारी मला गप्प बसू दे.

तुझीच, टेबलाच्या समोरच्या बाजूची,
ताई